स्यात् आणि उभी रेघ

प्रशांतचंद्र महालनोबिस हे नाव आपल्याला पंचवार्षिक योजनेच्या धड्यातून माहीत असतं. कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ साली त्यांनी उभी केली, दुसऱ्या योजनेचा गणिती आराखडाही त्यांचाच. या माणसानं १९५४ साली 'डायलेक्टिका' नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या नियतकालिकात संख्याशास्त्राच्या पायाविषयी एक लेख लिहिला, आणि त्यात चक्क आपला स्याद्वाद आणला. १९५७ मध्ये तोच लेख त्यांच्या 'संख्या' या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. त्याला लागूनच जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाचा लेख होता, तोही स्याद्वादावरच. हाल्डेन त्याच वर्षी इंग्लंड सोडून महालनोबिसांच्या संस्थेत कामाला आले होते.

या दोन लेखांची नावं आता आपल्या प्रवचनांत वरचेवर ऐकू येतात. दशलक्षण पर्वात बाहेरून कुणी विद्वान आले की एक दिवस अनेकांतावर असतोच, आणि त्या दिवशी हे वाक्य हमखास येतं: संभाव्यतेचं गणित युरोपानं सतराव्या शतकात शोधलं, आपल्याकडे ते अडीच हजार वर्षांपासून आहे, आणि हे आम्ही नाही म्हणत, महालनोबिस म्हणतात. सभेत माना डोलतात. मला मात्र प्रश्न पडतो, की नेमकं काय म्हणाले महालनोबिस? मी बी.ए., तेही इतिहास घेऊन. गणिताशी माझा संबंध किराण्याच्या हिशेबापुरता उरलेला. पण इतिहासाच्या माणसाला एवढं तरी विचारता येतं की दावा काय, आणि त्याला आधार काय.

आधी सप्तभंगी. घड्याचं उदाहरण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की कानावरून निसटून जातं, म्हणून मी आमच्या मोहल्ल्याचं घेते. आम्ही ग्वाल्हेरला कंपूत राहतो. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती पलटणी तयार करून घेतल्या, त्या पलटणींना तेव्हा 'कंपू' म्हणत. दौलतरावांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी आपलं लष्कर आणून ठेवलं, तंबूंची घरं झाली, घरांचं शहर झालं आणि त्या शहराचं नावच लष्कर पडलं. त्या लष्करातला आमचा कंपू. (मराठीत कंपू म्हणजे टोळकंही. माहेरी सोलापूरला पत्ता सांगितला की अजून हसतात.)

तर, कंपू ही छावणी आहे का? दौलतरावांच्या काळाच्या अपेक्षेनं आहेच: स्यात् अस्ति. आजच्या काळाच्या अपेक्षेनं नाहीच, इथे दुकानं, दवाखाने आणि रिक्षांची गर्दी आहे: स्यात् नास्ति. दोन्ही गोष्टी एकामागून एक सांगायच्या तर आहे आणि नाही. आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच शब्दात सांगा म्हटलं, तर तसा शब्द भाषेत नाही: अवक्तव्य. उरलेले तीन भंग म्हणजे या चौथ्याला पहिल्या तिघांशी जोडून होणारे. झाले सात.

इथे एक गोष्ट सुटू देऊ नये. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. संस्कृत व्याकरणात ते क्रियापदाचं रूप दिसतं आणि अर्थ 'असावं' असा निघतो, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात जैनांवर एका वस्तूत विरोधी धर्म मानल्याचा आणि निश्चित ज्ञान न दिल्याचा आक्षेप घेतला आहे. पण आपले आचार्य 'स्यात्' हा निपात मानतात, अर्थ 'कथंचित्', म्हणजे अमुक एका अपेक्षेनं. आणि भंगाच्या पूर्ण रूपात 'एव' हा शब्द असतो, 'च' लावून सांगितल्यासारखा. अपेक्षा एकदा सांगितली की विधान पक्कं. 'कंपू कदाचित छावणी असेल' असं कुणीच म्हणत नाही.

आता महालनोबिस. त्यांनी नाणं घेतलं. छाप आहे, छाप नाही, कधी आहे कधी नाही, आणि नाणं अजून हवेत असताना, अनिश्चित. हा चौथा भंग त्यांना सगळ्यात मोलाचा वाटला, कारण पहिल्या तिन्ही शक्यता त्यात एकवटून येतात. पुढचे तीन भंग त्यांनी आपल्या पद्धतीनं लावले: पाचवा म्हणजे संभाव्यतेचं क्षेत्र आहे असं म्हणणं, सहावा म्हणजे ते नाही असं म्हणणं, सातव्यात सगळंच. जैन विचारात संख्याशास्त्राला लागणारी तार्किक बैठक दिसते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. बैठक म्हणजे गुणात्मक मांडणी. आकडे नव्हेत. जैनांनी संभाव्यतेचं गणित मांडलं, हे त्या लेखात नाही.

आणि मला विचाराल तर पाचव्या ते सातव्या भंगाचा त्यांचा अर्थ हा महालनोबिसांचा आहे, परंपरेचा नाही. आपला अवक्तव्य हा बोलण्याच्या मर्यादेतून येतो. वस्तू आहे तशी आहे, वाणीला ती एका दमात सांगता येत नाही. नाण्याचं अवक्तव्य वेगळं, तिथे घटनाच घडायची आहे. दोन्हींना एक शब्द चालतो, म्हणून दोन्ही एकच होत नाहीत. हाल्डेन इथे मला जास्त जवळचे वाटतात. इंद्रियांच्या अभ्यासात उजेड किंवा आवाज कमी कमी करत नेला, की माणूस आधी 'जाणवतंय' म्हणतो, शेवटी 'नाही जाणवत' म्हणतो, आणि मधल्या पट्ट्यात त्याला खरोखरच सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' हेही एक उत्तरच आहे, त्याला वेगळा रकाना द्या, असं त्यांचं म्हणणं. प्रयोग करणाऱ्या माणसाचं वाचन आहे ते.

प्रवचनातला तो दावा ऐकून आमच्या शेजारच्या मुलीनं मला जिन्यात गाठलं होतं. ती बी.एस्सी.ला आहे, सांख्यिकी तिचा विषय. "काकू, भंग सात आहेत ना? मग प्रत्येकाची प्रायिकता एक सप्तमांश धरायची का?" तिनं थट्टेनं विचारलं असेल, पण सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे. म्हणून तिचं पुस्तक दोन रात्री मागून घेतलं.

संभाव्यतेच्या गणिताचे नियम आश्चर्य वाटावं इतके थोडे आहेत. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ साली ते आजच्या रूपात बांधले, आणि योगायोग असा की महालनोबिसांचं 'संख्या' सुरू झालं तेही १९३३ मध्येच. आधी जे जे घडू शकतं त्याची पूर्ण यादी करायची. यादीत काही सुटता कामा नये, आणि यादीतल्या दोन गोष्टी एकाच वेळी घडता कामा नयेत. प्रत्येकीला शून्यापेक्षा कमी नाही असा आकडा द्यायचा, आणि सगळ्या आकड्यांची बेरीज बरोबर १ यायला हवी. यादीतल्या 'ही किंवा ती' घडण्याची संभाव्यता हवी असेल तर त्या दोघींची बेरीज. एखादी गोष्ट न घडण्याची हवी असेल तर १ मधून तिची वजा. पाया म्हणून एवढंच.

आता सात भंग या यादीत बसवून बघा. बसतच नाहीत! नाणं पडलं की छाप किंवा काटा, एकच काहीतरी. सप्तभंगीचा प्राण असा की सातही भंग खरे आहेत, एकाच वस्तूबद्दल, आपापल्या अपेक्षेनं. प्रत्येकाला पूर्ण १ द्यावा लागेल, आणि बेरीज येईल ७. म्हणजे एक सप्तमांश तर नाहीच, ही यादीच वेगळ्या जातीची. शक्यता मोजल्या म्हणजे संभाव्यता मोजली असं होत नाही. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, शक्यता दोन. म्हणून ग्वाल्हेरला मे महिन्यात पावसाची संभाव्यता निम्मी नाही. इथला मे ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मग आपल्याकडे काहीच नव्हतं का? होतं, आणि खरा अभिमान तिथे धरावा असं मला वाटतं. आपल्याकडे मोजणी होती. मूळ भंग तीन: अस्ति, नास्ति, अवक्तव्य. एकेक घेतला तर ३, दोन-दोन जोडले तर ३, तिन्ही एकत्र १. एकूण ७. सातच का, आठ का नाहीत, याचं उत्तर हे आहे. आगमांत अशा मोजणीची हौस जागोजागी दिसते. भगवतीसूत्रात एकसंयोग, द्विकसंयोग, त्रिकसंयोग असे शब्द घेऊन भंग मांडलेले आहेत. जीव किती प्रकारचे, कुठल्या गतीत किती, दोघांचे जोडे किती: हे वाचताना कंटाळा येतो हे खरं, पण एकही प्रकार सुटू नये ही धडपड गणिताची आहे.

या धडपडीला नियमाचं रूप दिलं ते महावीराचार्यांनी. हे तीर्थंकर महावीर नव्हेत, इसवी सन ८५० च्या सुमाराचे दिगंबर गणिती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्याच राज्यात होता आणि वेरूळची आपली लेणी साधारण त्याच शतकातली. ग्रंथ १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह छापला. पुढे १९६३ साली जबलपूरच्या लक्ष्मीचंद्र जैनांचं हिंदी भाषांतर आलं, ते छापलं आमच्या सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं, जीवराज जैन ग्रंथमालेत. माहेरच्या गावाचं नाव मुखपृष्ठावर आहे म्हणून मी ते पुस्तक जरा जास्तच प्रेमानं उघडते.

त्यात सहा रसांचं उदाहरण आहे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड. यांचे एकूण किती प्रकारचे मेळ होतील? आचार्यांचा नियम असा की एकापासून एकेक वाढवत आकडे लिहायचे, तेच उलट्या क्रमानंही लिहायचे, एक ओळ वर, एक खाली. मग वरच्यांचा गुणाकार आणि खालच्यांचा गुणाकार करून भागायचं. सहांपैकी तीन रस हवेत तर वर ६, ५, ४, खाली १, २, ३. वरचा गुणाकार १२०, खालचा ६, उत्तर २०. आज अकरावीच्या पुस्तकात हेच सूत्र असतं. एक रस ६ तऱ्हांनी, दोन १५, तीन २०, चार १५, पाच ६, सहाही १. बेरीज ६३.

आणि एकही रस नाही, तो? स्वयंपाक करणारी बाई हा प्रश्न विचारणारच, त्यातून जैन घरातली. रसपरित्याग हे आपल्याकडे बाह्य तप आहे. रविवारी मीठ न खाणाऱ्या बायका आमच्या मंदिरात आजही आहेत. (त्यागाचे सहा रस वेगळे, दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ, महावीराचार्यांचे सहा जिभेचे. गल्लत नको.) तो नीरस घास धरला की ६३ चे ६४ होतात. शून्य रसाचाही एक प्रकार. आमच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात बागेच्या जमिनीची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळा अशा आकड्यांत शून्य कोरलेलं आहे, छोट्याशा गोलासारखं. महावीराचार्यांच्या ग्रंथानंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं.

आता सहा रसांच्या जागी सहा कवड्या घ्या. लहानपणी आपण सगळ्यांनीच कवड्यांनी पट खेळलेला आहे. प्रत्येक कवडी उताणी पडते किंवा पालथी. सहा कवड्यांच्या एकूण तऱ्हा ६४. त्यातल्या तीन उताण्या असतील अशा २०, एकच उताणी अशा ६, सगळ्या उताण्या अशी १. रसांचेच आकडे! इथून संभाव्यता एका पावलावर आहे. ६४ पैकी प्रत्येक तऱ्हा सारख्याच योग्यतेची धरली, तर तीन उताण्या पडण्याची संभाव्यता ६४ पैकी २०, सहाही उताण्या पडण्याची ६४ पैकी १. दुसऱ्या वाटेनंही तेच उत्तर येतं. एका कवडीचं दान दुसरीवर अवलंबून नाही, म्हणून गुणाकार करायचा: निम्म्याचं निम्मं, असं सहा वेळा, म्हणजे १/६४. मात्र हे 'सारख्याच योग्यतेची' फार मोठं गृहीत आहे. कवडी काही नाणं नाही, तिची पाठ फुगीर, पोट चपटं. एकच कवडी शंभर वेळा टाकून बघा, निम्म्यावर पडेलच असा भरवसा नाही. तेव्हा आकडा यादीतून मिळत नाही, टाकून टाकून मोजावा लागतो.

'अवलंबून नाही' या शब्दांपाशी मी जरा थांबते. आमच्या या ग्वाल्हेर-चंबळच्या भागात "तीन मुली झाल्या, आता मुलगाच" हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलंय त्याला गणती नाही. चौथ्या वेळी मुलगा होण्याची संभाव्यता पहिल्या वेळी होती तेवढीच असते, साधारण निम्मी. आधीच्या तिघींचा चौथ्या गर्भाला पत्ता नसतो. "आता पाळी मुलाची" या एका समजुतीवर पाच-पाच, सहा-सहा बाळंतपणं सोसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि सोसणं संपल्यावर मुलींनाच बोल लावणारी घरंही. गुणाकाराचा हा नियम कॉलेजातल्या मुलीनं परीक्षेसाठी शिकावा आणि घरातल्या बाईपर्यंत पोचू नये, याचं मला वाईट वाटतं.

मोजणी होती, नियम होता, मग भागाकाराचं ते एक पाऊल आपल्याकडे का पडलं नाही? युरोपात ते जुगारामुळे पडलं. शेव्हालिए द मेरे नावाचा एक शौकीन गृहस्थ होता. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा पडेल अशी पैज घेतली तर फायदा होतो, पण दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी जोडसहा पडेल या पैजेत तोटा, असं का, हे कोडं त्याच्या नावावर आहे. पास्कल आणि फर्मा यांच्यात १६५४ साली जी पत्रं गेली-आली, त्यांतून हे गणित उभं राहिलं. कोडं आज कुणीही सोडवेल. 'एकदा तरी' दिसलं की उलट बाजूनं जायचं. चारही वेळा सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली की ६७१/१२९६, निम्म्याहून थोडी जास्त. जोडसहाच्या चोवीस फेकींचं उत्तर येतं शेकडा ४९ च्या आसपास, निम्म्याहून थोडं कमी. एवढ्याशा फरकानं माणसं श्रीमंत होतात आणि बुडतात.

आपल्याकडे द्यूत हे सात व्यसनांतलं पहिलं. दिवाळीच्या रात्री इथे उत्तरेत घरोघर पत्ते पिसले जातात, आणि जैन घरात निर्वाणलाडूची तयारी चालू असते. त्यामुळे जैन आचार्यांनी फाशांचा भागाकार केला नाही, हे समजू शकतं. पण फासे खेळणारे या देशात कमी नव्हते. महाभारतातला नळ घ्या. विदर्भात दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराला जाताना वाटेत ऋतुपर्ण राजा बेहड्याचं एक झाड पाहतो आणि फांद्यांकडे बघून पानंफळं किती ते सांगतो. सारथी झालेला नळ रथ थांबवून मोजून बघतो, आकडा बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो आणि बदल्यात अश्वविद्या घेतो. बेहड्याच्या फळांचेच तेव्हा फासे करत. फांदीवरून झाडाचा अंदाज बांधणं आणि फासे जाणणं ही एकाच विद्येची अंगं आहेत, हे त्या कथाकाराला ठाऊक होतं. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञानं १९७५ च्या आपल्या संभाव्यतेच्या इतिहासात या कथेची मुद्दाम दखल घेतली आहे. पण कथेत ती विद्या कानात सांगायची आहे. मंत्र म्हणून दिलेल्या गोष्टीची उदाहरणं वहीत सोडवली जात नाहीत. माझा अंदाज असा की आपलं पाऊल इथे अडलं, धर्मामुळे नव्हे.

आता मूळ दाव्याकडे. स्याद्वादाचं आणि संभाव्यतेचं काही नातं आहे का? आहे, पण ते सात या आकड्यात नाही. ते एका उभ्या रेघेत आहे.

शेजारच्या मुलीच्या पुस्तकात 'सप्रतिबंध प्रायिकता' असा धडा आहे, मराठीत सशर्त संभाव्यता. तिथे दोन अक्षरांच्या मध्ये एक उभी रेघ असते. रेघेच्या डावीकडे आपण काय विचारतोय ते, उजवीकडे आपल्याला काय ठाऊक आहे ते. 'हे दिलेलं असताना ते घडण्याची संभाव्यता.' मी ती रेघ 'अपेक्षेनं' अशी वाचते, आणि माझं अडत नाही. (गणितात 'अपेक्षित मूल्य' म्हणून आणखी एक गोष्ट असते, ती वेगळी.)

या रेघेच्या दोन बाजू उलटल्या तर काय होतं, ते आमच्या घरानं पाहिलंय. काही वर्षांपूर्वी माझ्या छातीच्या तपासणीचा रिपोर्ट संशयास्पद आला. तपासणाऱ्यांनी घाईघाईत एवढंच सांगितलं की रोग असेल तर ही तपासणी दहातल्या नऊ वेळा तो पकडते. सासूबाईंनी ऐकलं ते असं, की दहातल्या नऊ हिश्श्यांनी हिला रोग आहे. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

हिशेब मांडून बघू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, खरे आकडे वयाप्रमाणे आणि तपासणीप्रमाणे बदलतात. समजा १००० बायका तपासल्या, त्यांतल्या १० जणींना खरंच रोग आहे. तपासणी त्यांतल्या ९ जणींना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी, पण तपासणी दर दहांत एकीला उगाच संशयित ठरवते, म्हणजे ९९. संशयास्पद रिपोर्ट मिळालेल्या एकूण बायका १०८. त्यांत खरोखर आजारी ९. बारांत एक! रोगाच्या अपेक्षेनं रिपोर्टची संभाव्यता दहात नऊ. रिपोर्टच्या अपेक्षेनं रोगाची संभाव्यता बारांत एक. दोन्ही विधानं पक्की, दोन्ही खरी, त्याच बाईबद्दल, त्याच कागदाबद्दल. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचा नियम थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावानं ओळखला जातो. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, त्यांच्या मित्रानं प्रसिद्ध केला.

माझी दुसरी तपासणी स्वच्छ निघाली. पुढच्याच वर्षी माझ्या नणंदेचा तसाच रिपोर्ट आला आणि ती बारांतली एक निघाली. बारांत एक म्हणजे 'नाही' असं घरातल्यांनी धरून बसावं आणि पुढची तपासणी लांबवावी, असं तिच्या बाबतीत घडलं नाही, म्हणून ती आज आहे. छोटा आकडा म्हणजे शून्य नव्हे, आणि मोठा आकडा कशाच्या अपेक्षेनं सांगितला ते विचारल्याशिवाय तो आपला नव्हे.

म्हणून मला वाटतं, 'स्यात्'चा अर्थ 'कदाचित' लावून त्याला संभाव्यतेचा जनक ठरवणं हा दोघांवरही अन्याय आहे. स्यात् म्हणजे रेघेची उजवी बाजू. ती बाजू मोकळी ठेवून केलेलं विधान आपल्या आचार्यांना अपुरं वाटायचं. त्यांनी आकडा दिला नाही, आणि तो त्यांच्या नावावर चढवायची आपल्याला गरज नाही.

विसाव्या शतकात हीच गोष्ट गणितात आग्रहानं मांडणारे एक गृहस्थ केंब्रिजला होते, हॅरल्ड जेफ्रीज. त्यांचं संभाव्यतेवरचं पुस्तक १९३९ सालचं. संभाव्यता ही वस्तूत चिकटलेली नसते, ती उपलब्ध माहितीच्या आधारानं बाळगायच्या विश्वासाची मात्रा असते, हा त्यांचा पक्ष. टाकून टाकून मोजायचं, वारंवारता हीच खरी, असं म्हणणारा दुसरा पक्ष मोठा होता, अजूनही आहे. मला गंमत वाटते ती अशी की आमच्या हिंदीतला 'प्रायिकता' हा शब्द 'प्रायः'पासून, म्हणजे 'बहुधा, वारंवार' या अंगानं, त्या दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, आणि मराठीतली 'संभाव्यता' जेफ्रीजकडे. शब्द करणाऱ्यांच्या मनात हे असेल असं नाही.

जेफ्रीजच्या हाताखाली एका मराठी माणसानं डॉक्टरेट केली. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. तिथून परतल्यावर त्यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, आणि पुढची दोन दशकं तो चालवला. महालनोबिसांचा स्याद्वादावरचा लेख त्याच्या पुढच्याच वर्षीचा. हुजूरबाजारांच्या विद्यार्थ्यांनी जेफ्रीजचं ते पुस्तक नक्की चाळलं असेल. त्यात रेघेची उजवी बाजू कधी रिकामी नसते. नवीन काहीच माहिती हाती नसली तरी जेफ्रीज तिथे एक अक्षर लिहून ठेवतात. त्याचा अर्थ, आधीपासून जे काही ठाऊक आहे ते.